'परत' या शब्दाचा निकाल

तार मी पोस्टमनच्या समोरच मोठ्याने वाचली. तो बिचारा दचकला. वाईट बातमी माणूस मनातल्या मनात वाचतो, दाराला टेकतो, घरातलं कुणी येऊन धरतं... मी मात्र भिलाईतल्या आमच्या क्वार्टरच्या पायरीवर उभा राहून, शाळेत धडा वाचावा तसं, अक्षर न् अक्षर वाचून काढलं की शालिनी गेली, ताबडतोब निघा. बायको आतून धावत आली. तिला वाटलं, मी पुन्हा कुणाशी तरी भांडतोय. तिचंही चुकलं नाही. भांडायचं असेल तर आधी मोठ्याने वाचायचं, ही सवय मला जिने लावली, तीच गेली होती. शालिनी म्हणजे माझी थोरली वहिनी. आमच्या शालूवहिनी.

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी नागपूरला त्यांना भेटून आलो होतो. पोटाचं दुखणं फार पुढे गेलेलं होतं. त्यांनी हट्टाने खाट पुढच्या खोलीत, दादाच्या हातमागाला लागून टाकून घेतली होती, म्हणजे दादा विणताना दिसावा. आवाज इतका बारीक झालेला की मागावरच्या धोट्याची खटखट थांबली तरच ऐकू यायचा. निघताना मी पाया पडलो, पिशवी उचलली, उंबरठ्याशी पोचलो, आणि मागून त्या म्हणाल्या, "भाऊजी, परत या." मी नुसती मान वळवली. "येतो वहिनी, दिवाळीले येतोच," म्हणालो आणि चप्पल घातली. गाडीची वेळ झाली होती. त्या दोन शब्दांवरून मी आता रोज स्वतःशी भांडतो आहे. माणसं म्हणतील, यात भांडण्यासारखं काय आहे? पण ते कळायचं तर आमचा खेळ सांगितला पाहिजे.

आम्ही नागपूरच्या पाचपावलीकडचे कोष्टी. वडील हातमागावर गेले, म्हणजे अक्षरशः मागावर बसलेले असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी दादा बसला. मी तेव्हा कॉलेजात जायचो आणि घरात तोंड चालवायचो. दादाचं लग्न झालं ते थेट इचलकरंजीला. तिकडचेही विणकरच, पण भाषा? अरे बाप्पा! पहिल्याच दिवशी मी सांगायला गेलो, "दादा जेवून राहिला," तर या नवरीबाई घाबऱ्या होऊन विचारतात, "जेवून कुठं राहिले?" आम्ही 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की त्यांना हसू फुटायचं, आणि त्या 'न्हवं का' म्हणाल्या की मला. शेजारपाजारचे चिडवायचे की कोष्ट्याच्या घरी शालू आला, तोही तिकडच्या विणीचा. दादा वरून रागवायचा आणि आतून खूश व्हायचा. त्यांना मूलबाळ झालं नाही. घरात आम्ही तिघंच.

नागपूरचा उन्हाळा त्यांना नवा होता. दुपारी दारं-खिडक्या बंद करून, ओली चादर टांगून बसायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्या कंटाळल्या आणि त्यांनी एक खेळ तयार केला. माहेरी असले खेळ त्या भावंडांसाठी करायच्या म्हणे. वडिलांनी विणलेली एक चौकड्यांची चादर पेटीत पडून होती. तिच्यात वडिलांच्या हातून एक चौकडी चुकून दुप्पट मोठी झाली होती, म्हणून ती विकली गेली नव्हती. वहिनींनी तीच पट म्हणून पसरली. चौकड्या म्हणजे घरं, आणि ती चुकलेली मोठी चौकडी म्हणजे खजिना. सोंगट्यांच्या जागी मागाच्या जुन्या कांड्या, ज्यांच्यावर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत गुंडाळतात त्या, प्रत्येकाची वेगळ्या रंगाच्या सुताची. फाशाच्या जागी कवड्या. आणि मग कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून, निळ्या शाईने, त्यांच्या वळणदार अक्षरात एकाच दिवसात लिहिलेली. जंगलातून खजिन्याकडे जायचं, वाटेत ठरलेल्या घरांवर कार्ड उचलायचं. कुठे वाघ, कुठे दलदल, कुठे मशाल, कुठे दोर. खेळाला नाव दिलं 'खजिन्याची वाट'. दादा आधी हसला. मग असा काही खेळायला लागला की माग बंद पडायची वेळ आली.

आणि भांडणं? पहिल्याच डावापासून. आम्ही दोघे भाऊ म्हणजे शब्दाला शब्द. 'वाघ दिसल्यास एक डाव थांबा' असं कार्ड आलं, तर दादा म्हणतो, "दिसला तर थांबायचं ना? मी डोये मिटून चाललो होतो." मी हातातल्या कवड्या आपटल्या. वहिनींनी हसत हसत त्या दिवशी नियम केले, आणि ते पुढे कायमचे झाले. कार्डावरून भांडण झालं की ज्याचं नुकसान होणार त्याने ते कार्ड मोठ्याने, पूर्ण वाचायचं. लिहिणाऱ्याला विचारायचं नाही की तुझ्या मनात काय होतं. "माझ्या मनात काय का असेना. कार्डावर काय आहे ते बोला," असं त्या म्हणायच्या. मग त्या कार्डावर आपली कांडी आडवी ठेवायच्या. कांडी कार्डावर आहे तोवर कुणी पट सोडून उठायचं नाही, पाणी प्यायलाही नाही. त्या विचार करून निकाल देणार आणि स्वतः कांडी उचलणार. दिलेला निकाल फिरवायचा नाही. डाव संपल्यावर घोटाळ्याचं कार्ड त्या खोडून नीट लिहायच्या, पण डाव चालू असताना नाही.

एकदा दादाला कार्ड आलं, 'जवळच्या खेळाडूला आपली मशाल द्या.' पटावर त्याच्या कांडीला लागून माझी कांडी. मला मशाल मिळाली असती तर मी जिंकलोच. दादाने सरळ मशाल बायकोच्या हातात ठेवली. "बाजूले हीच बसून राहिली. जवळचं म्हणशील तर हिच्याहून जवळचं कोन हाये मले?" वहिनी लाजल्या हो, कानापर्यंत लाल झाल्या. मला वाटलं, गेलं आता. पण त्यांनी मशाल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "खेळाडू पटावर असतो. बाजूला बसलेय ती मी. माझी कांडी तिकडं दलदलीत आहे. मशाल भाऊजींची." दादा दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलला नाही. त्यांना फरक पडला नाही. त्या काही साध्या-भोळ्या वगैरे नव्हत्या, बरं का. स्वतःचा डाव आला की त्याही शब्दाला चिकटून बसायच्या, आणि हरल्या की भांडी जरा जास्तच आपटायच्या. पण कांडी कार्डावर ठेवली की माणूस बदलायचा.

मग माझी भिलाईची नोकरी आली, आणि घरात जे व्हायला नको ते झालं. दादाच्या मनात होतं की कॉलेज झालं की मी वडिलांच्या मागावर बसेन, तो दुसरा माग घालेल, दोघं मिळून धंदा सावरू. मिलच्या कापडापुढे हातमाग कण्हत होता, हे मला दिसत होतं. मी फाडकन बोललो, "माग संपला गा, दादा." बोलायला नको होतं असं आज वाटतं, पण तेव्हा मी असाच होतो आणि खरंही तेच होतं. दादाने धोटा हातातून खाली ठेवला. "या मागानं तुले शिकवलं," एवढंच म्हणाला, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. त्याच्या होकाराशिवाय मी जाणार नव्हतो. बाप गेल्यावर त्यानेच मला वाढवलेलं, त्याच्या छातीवर पाय देऊन कसा जाणार? आणि तो होकार देणार नव्हता. रुजू व्हायची तारीख जवळ येत होती. जेवताना वहिनींमार्फत बोलणं. "त्याले म्हना, भाजी घे." "त्याले म्हना, घेतली." फक्त पटावर बसलं की बोलावं लागायचं, कारण खेळ मुक्याने होत नाही. म्हणून वहिनी रोज दुपारी पट पसरायच्या.

एका दुपारी माझं डोकं सटकलं. कवड्या हातात घेऊन मी म्हणालो, "दादा, आज इथंच ठरवू. मी जिंकलो तर मी जातो, तू आडवा येऊ नको. तू जिंकला तर बसतो मागावर, जन्मभर." दादाने माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी पाहिलं. "मंजूर," म्हणाला. वहिनींचा चेहरा उतरला. "असलं काही पटावर आणू नका. खेळ आहे हा. खेळच मोडेल माझा," त्या दोघांना विनवत होत्या. पण आम्ही कुठले ऐकतो? त्यांना खेळातून उठताही येईना, कारण त्या उठल्या असत्या तर आम्ही एकमेकांची डोकीच फोडली असती.

तसा डाव मी पुन्हा कधी खेळलो नाही. कुणी थट्टा करेना. कवड्या पडल्याचा आवाज आणि कांडी सरकवल्याचा आवाज, बस. दादाच्या कपाळावरून घाम ओघळून पटावर पडला तरी त्याने पुसला नाही. वहिनींची कांडी नेहमीसारखी दलदलीत. माझी पुढे, दादाची माझ्या मागे दबा धरल्यासारखी. खजिना माझ्यापासून चार घरांवर राहिला आणि मला कार्ड उचलावं लागलं. 'पुराचा आवाज ऐकू येतो. कवड्या टाका आणि पडतील तितकी घरं परत चाला.' मी कवड्या टाकल्या. चारच्या चार उताण्या! मी ओरडलो, कांडी उचलली, आणि दादाचा पंजा माझ्या मनगटावर पडला. "वापस जा," तो म्हणाला.

"काहून वापस?"

"परत लिवलं हाये. परत म्हनजे वापस."

"परत म्हणजे पुन्हा! आपण मागं यायले वापस म्हणतो दादा. तू जन्मात कधी मागं यायले परत म्हटलं काय? एकदा चाललो, आता परत चालतो. चार घरं. हा खजिना."

"आपन नाही लिवलं. हिनं लिवलं. हिच्या गावात परत म्हनजे वापसच. विचार हिले."

"लिहिणाऱ्याले विचारायचं नाही! नियम हाये."

"मुरल्या, मले नियम शिकवून राहिला तू?" दादा उठला. एका हाताने चादरीचं टोक त्याने धरलेलं होतं. ती चादर तो आता झटकणार, कांड्या-कवड्या-कार्डं सगळं उधळणार, आणि त्याच्याबरोबर आमचं घरही, हे मला स्पष्ट दिसलं. मीही उठलो होतो. तेवढ्यात वहिनींनी आपली कांडी उचलून कार्डावर आडवी ठेवली. "खाली बसा. दोघंही." त्यांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. आम्ही बसलो.

ज्याचं नुकसान त्याने वाचायचं. पण इथे नुकसान कुणाचं? म्हणून दोघांनी वाचलं. मी 'परत चाला' असं वाचलं की जणू कुणी पाठीवर थाप मारतंय. दादाने तेच शब्द वाचले आणि माणसाने पाय रोवून उभं राहावं तसे थांबले ते. वहिनी ऐकत होत्या. त्यांच्या मनात लिहिताना काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. पुराचा आवाज ऐकला तर कुठला शहाणा पुढे जाईल? एक शब्द बोलल्या असत्या तर नवरा जिंकत होता, दीर घरात राहत होता, माग चालू राहत होता, तिघांचा खेळ चालू राहत होता. मी गेल्यावर त्या घरात दिवसभर त्यांच्याशी बोलायला होतं कोण? मला तर खात्रीच वाटली की आता संपलं.

त्यांनी सगळी कार्डं गोळा केली आणि एकेक करून मोठ्याने वाचायला लागल्या. आम्हाला कळेना, काय चाललंय. घसा कोरडा पडला, आवाज फाटला, पण वाचत गेल्या. 'दरड कोसळली, दोन घरं मागे या.' 'दोर तुटला, तीन घरं मागे या.' सगळी वाचून झाली तेव्हा त्या दादाकडे बघून म्हणाल्या, "अहो, मागं यायचं असेल तिथं सगळीकडं 'मागे' लिहिलंय. त्याच हातानं, त्याच दिवशी. 'परत' हे एकाच कार्डावर आहे. वेगळा शब्द लिहिलाय, तर अर्थ वेगळाच धरायला पाहिजे. नाहीतर वेगळा शब्द लिहायचा कशाला?" मग पटाकडे वळल्या. "या घरात परत म्हणजे पुन्हा. भाऊजी पुढं जातील." आणि कांडी उचलली.

माझा हात काही पुढे होईना. जिंकलो होतो तरी. शेवटी दादानेच माझी कांडी उचलली, एक, दोन, तीन, चार, घरं मोजली आणि वडिलांच्या त्या चुकलेल्या चौकडीत नेऊन ठेवली. "जा," म्हणाला, आणि मागावर जाऊन बसला. वहिनी पट गुंडाळत होत्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

स्टेशनवर दादा आला. येईल असं वाटलं नव्हतं. गाडी सुटताना डब्याच्या खिडकीचा गज धरून चालता चालता म्हणाला, "वापस येजो." मग जरा पळायला लागला आणि ओरडला, "वापस म्हनून राहिलो! परत नाही म्हटलं, ध्यानात ठेव!" डब्यातली माणसं बघायला लागली. मी हसत होतो आणि माझी वाट लागली होती.

मी वापस येत राहिलो. दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात. लग्न झालं, बायको आली, पोरं आली, सगळी त्या पटाभोवती बसली. घोटाळ्याची कार्डं वहिनी खोडून लिहायच्या, पण त्या एका कार्डावर त्यांनी कधी हात फिरवला नाही. एकदा मी विचारलंच, "वहिनी, आता तरी सांगा. तुमच्या मनात काय होतं?" त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिहिणाऱ्याला विचारायचं नाही, भाऊजी." आणि दर खेपेला मी निघालो की दारात येऊन त्यांचं एकच ठरलेलं वाक्य, "सावकाश जावा. पुन्हा या." दर खेपेला. पुन्हा या.

नागपूरला वहिनींचे दिवस झाले, पाहुणे गेले, बायको-मुलं भिलाईला परतली. माझीही निघायची वेळ झाली होती, पिशवी भरून ठेवलेली होती. दुपार होती. दादाने आपणहून पेटीतून चादर काढली आणि जमिनीवर पसरली. खेळायला नव्हे, नुसती. कार्डांची थप्पी हातात घेऊन बसला. तेव्हा मला राहवेना.

"दादा, मी निघालो तेव्हा वहिनी 'परत या' म्हणाल्या होत्या."

"आयकलं मी. मागावरच होतो."

"आजवर कधी परत म्हणाल्या नाहीत. नेहमी 'पुन्हा या.' वेगळा शब्द, तर अर्थ वेगळा... त्यांनीच शिकवलं ना आपल्याले? त्या मले मागं बोलावून राहिल्या होत्या दादा. जाऊ नका म्हणून. आन् मी चप्पल घातली." मी रडलो. या वयात, भावासमोर, तोंड उघडं टाकून रडलो.

दादाने रडू दिलं. मग म्हणाला, "वाच. मोठ्यानं वाच."

"भाऊजी, परत या."

"आता आयक." त्याने थप्पीतून ते जुनं कार्ड काढलं आणि पटावर ठेवलं. शाई फिकी झाली होती. "या घरात परत म्हनजे पुन्हा. हे कोनं ठरवलं? तिनं. मी भांडलो, हारलो, तुले जाऊ देलं. मी मानला ना तिचा निकाल? मंग आता तुले मानावा लागंल. पुन्हा या म्हटलं तिनं तुले. दुसरं काही नाही. तिचा निकाल फिरत नाही."

'फिरत नाही' म्हणताना त्याचा आवाज चिरकला. ज्या अर्थापायी त्याने भाऊ गमावला होता, तोच अर्थ तो माझ्यासाठी लढवत होता, आणि त्याची त्या दिवशीची बाजू मी धरून बसलो होतो. मला ठाऊक होतं की त्याला स्वतःला हे पटलेलं नाही. तो मागावर होता, त्याने तो आवाज ऐकला होता. मी म्हणालो, "दादा, खरं सांग. तुले काय वाटते?"

त्याने वहिनींची कांडी घेतली, हिरव्या सुताची, आणि त्या कार्डावर आडवी ठेवली. आम्ही समोरासमोर बसून राहिलो. माझ्या गाडीची वेळ आली, गेली. दादाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रजा मी वाढवून घेतली आहे. सकाळी दादा विणतो, मी त्याला कांड्या भरून देतो, आणि दुपारी आम्ही त्या चादरीपाशी येऊन बसतो. ती कांडी उचलायचा हक्क ना त्याला, ना मला. आणि कांडी कार्डावर असताना उठायचं नसतं.